सगळ्यांच्या मधोमध

टेलर मास्तरांच्या दुकानात प्रत्येक समारंभाला दोन तारखा असत. एक गिऱ्हाइकाने सांगितलेली आणि एक खरी. मास्तरांच्या हाताला गुण होता, पण वेळेशी त्यांचं उभं वैर, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून कार्य शनिवारी असलं की गिऱ्हाईक सांगायचं, "मंगळवारी हो मास्तर, मंगळवारी! अगदी गळ्याशी आलंय!" मास्तर बिचारे मंगळवार खरा मानायचे, मंगळवार चुकवायचे, चार दिवस तोंड लपवून फिरायचे आणि शनिवारी सकाळी कोट हातात ठेवत म्हणायचे, "माफ करा, जरा उशीर झाला." गिऱ्हाईक मोठ्या मनाने माफ करायचं आणि तोच कोट अंगात चढवून थेट कार्याला जायचं. आजवर कुणी उघडं राहिलं नव्हतं. आणि आजवर मास्तरांच्या डोक्यात प्रकाशही पडला नव्हता.

मास्तरांची बायको, म्हणजे मास्तरीण, आतल्या बाजूला काजं करत बसलेली असायची. बाहेर "मंगळवारी हो मास्तर" सुरू झालं की ती आणि तिची लेक ट्रायलच्या पडद्यामागे तोंडात चिंध्या कोंबून हसायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं, पण आवाज नाही.

लेकीचं खरं नाव शाळेपुरतं. घरात हाक एकच, मशीनच्या खालच्या रिळाची: बॉबिन. लहानपणी रांगायच्या आधी ती लोळायची, आणि लोळत लोळत बरोबर मशीनखाली जाऊन थांबायची. भारी लाजाळू पोर. दुकानात कुणी आलं की टांगलेल्या कोटांच्या रांगेत शिरायची. गिऱ्हाईक विचारायचं, "काय गं, नाव काय तुझं?" तर कोटांखालून नुसती दोन पावलं दिसायची, आणि एकावर एक चढलेले अंगठे. एखादं बटण बोललं असतं, ती नाही.

अशी ही पोर मोठी झाली आणि मोठ्या शहरातल्या एका नाटक कंपनीत कपडे सांभाळायला गेली. इस्त्री करायची, उसवलेलं शिवायचं, प्रयोग चालू असताना विंगेत सुईदोरा घेऊन उभं राहायचं. ती गेली त्या दिवसापासून मास्तरीण काजं करताना एकच ओवी गुणगुणायची. कुणी शिकवलेली नव्हे, आपोआप ओठांवर आलेली:

सुईच्या गं नाकातून दोरा निघाला गावाला,
गाठ राहिली मागे, ओढ लागते जिवाला.

आणि एके दिवशी बॉबिनचा फोन आला.

"आई, मला वाक्य मिळालं!"

"कसलं गं?"

"बोलायचं! नाटकात! मोलकरणीचं काम आहे."

"अगं बाई! किती वाक्यं?"

"एक."

मास्तरीणीच्या हातातली सुई खाली आली. जी पोर कोटांआडून नाव सांगत नव्हती, ती भरल्या थिएटरात बोलणार. एक काय, अर्धं असतं तरी चाललं असतं. "काय आहे वाक्य? सांग की."

"नाही सांगणार. येऊन ऐक. पण आई, ते पहिलंच आहे. पडदा उघडला की मी खिडकीशी, आणि लगेच वाक्य. मग ट्रे ठेवून मी आत जाते ती संपलंच. जरा उशीर केलात तर सगळं नाटक दिसेल, फक्त मी नाही दिसणार."

"पडद्याच्या आधी येऊन बसतो बघ."

"दुपारी तीनचा प्रयोग आहे. तिकिटं पाठवते पाकिटातून. आणि हॉटेल रंगमंदिराजवळचंच घ्या हं. बाबांना सांग. रंगमंदिराजवळ!"

मास्तरणीने सांगितलं. आता नुसतं सांगून भागलं असतं तर मग काय हवं होतं?

मास्तर शहर बघायला निघाले म्हटल्यावर त्यांची थोरली बहीण निघाली. तिला सगळे आत्याबाई म्हणत. आत्याबाईंना शहरातलं तळं बघायचं होतं. "पन्नास वर्षं ऐकतेय त्या तळ्यातल्या बदकांबद्दल. हॉटेल तळ्याकाठीच हवं. सकाळी उठले की बदक दिसलं पाहिजे." मग मास्तरणीचा भाऊ निघाला, तो मामा. मामांची आयुष्यात एकदाच गाडी चुकली होती, पण ती चुकल्यापासून ते पुढच्या प्रत्येक गाडीला आदल्या गाडीच्या वेळी जाऊन बसत. "हॉटेल स्टेशनाला चिकटून हवं," ते म्हणाले. "खोलीतून शिटी ऐकू आली पाहिजे, नाहीतर मला झोप लागायची नाही." आणि खुद्द मास्तरांना हवा होता कापडबाजार.

"अहो, पोर रंगमंदिराजवळ म्हणाली होती," मास्तरीण म्हणाली.

"हो ना, तेही आलंच की." मास्तर खुशीत होते. "हे बघ, आजवर मी कुणाला आखूड शिवलं नाही. कुणाच्याही वाट्याला कमी कापड यायचं नाही."

त्यांनी शहराचा मोठा नकाशा आणला आणि कापायच्या टेबलावर अंथरला. हाताने सुरकुत्या मोडल्या, कोपऱ्यांवर इस्त्री आणि कात्री ठेवली. तळ्यावर एक टाचणी लावली, स्टेशनवर एक, बाजारात एक, रंगमंदिरावर एक. चारही चार दिशांना. मास्तरांनी नकाशाकडे असं पाहिलं जसं ते एखाद्या अवघड पोटाच्या गिऱ्हाइकाकडे पाहत.

"कापडाचा मध्य कसा काढतात?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. टाचण्या काढल्या, नकाशा अर्धा दुमडला, तळं बाजारावर आलं. पुन्हा दुमडला, स्टेशन रंगमंदिरावर आलं. मग घडीच्या कोपऱ्यावर नख फिरवलं, घडी उलगडली, आणि जिथे दोन रेघा एकमेकींना कापत होत्या तिथे खचकन टाचणी खोचली.

टाचणीखाली एक हॉटेल होतं. मास्तरांना आनंदाने घाम फुटला.

हॉटेलचं माहितीपत्रकही लवकरच टपालाने आलं. त्यावर एका गोल इमारतीचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत: शहराच्या अगदी नाभीत! सगळे रस्ते आमच्याकडे येतात!

"नाभीत राहायला आपण काय मळ आहोत का?" आत्याबाई म्हणाल्या.

मास्तरणीने कोपऱ्यातल्या शिडीकडे पाहिलं. फार वर्षांपूर्वी मास्तरांनी हौसेने एक कोट शिवला होता, सगळ्यांना बसेल असा. जाड्याला, बारक्याला, उंचाला, बुटक्याला. अख्ख्या गावाने घालून पाहिला. जाड्याला तो खांद्यात काचला, बारक्याच्या अंगात दोघं मावले असते. शेवटी तो धूळ बसू नये म्हणून शिडीला घातला होता, आणि खरं सांगायचं तर शिडीलाही तो नीट बसला नव्हता. पण मास्तरांचा चेहरा इतका फुललेला होता की तिला बोलवेना. नवऱ्याच्या आनंदाला कात्री लावणं तिला कधी जमलं नाही. तिने सुई उचलली आणि मामांच्या कोटाकडे वळली.

कारण मामांचं एक वेगळंच चाललेलं. तिकिटांचं पाकीट त्यांच्याकडे सोपवलं होतं, आणि तेव्हापासून त्यांचा हात छातीवरून निघत नव्हता. "ताई, शहरात खिसे कापतात. तू असं कर, पाकीट माझ्या अस्तरात शिवूनच टाक."

"उघडून बघू तरी दे."

"उघडलं आणि एखादं तिकीट वाऱ्याने उडालं म्हणजे? आहे तसं शिव!"

खिडक्या बंद होत्या, पंखा बंद होता, वारा औषधालाही नव्हता. पण भावापुढे कोण बोलणार? मास्तरणीने बंद पाकीट बंदच अस्तरात ठेवलं आणि दुहेरी टाका घातला. मामा चालले की त्यांची छाती कुरकुर वाजायची.

प्रयोगाच्याच दिवशी सकाळी मंडळी शहरात उतरली. टॅक्सीवाल्याने हॉटेलचं नाव ऐकलं, आरशातून चौघांकडे पाहिलं आणि "बरं," म्हणाला. त्याच्या बरंमध्ये काहीतरी होतं, ते मास्तरणीच्या कानांनी टिपलं.

एका प्रचंड मोठ्या चौकाशी त्याने गाडी थांबवली. चौक कसला, गाड्यांचा भोवराच तो. चारी बाजूंनी रस्ते येत होते आणि त्या भोवऱ्यात पडून गरगरत होते. मधोमध, बेटावर असावं तसं, एकटं गोल हॉटेल उभं.

"इथे उतरा," टॅक्सीवाला म्हणाला. "पुढे गाडी जात नाही. त्या भुयारातून चालत जा. आत जायला काही अडचण नाही."

आणि खरंच नव्हती. भुयारात जिथे फाटा यायचा तिथे भिंतीवर एक भला मोठा बाण असायचा: हॉटेलकडे. मंडळी बाणांमागून चालत गेली आणि थेट हॉटेलच्या दिवाणखान्यात वर आली. काउंटरवरचा माणूस हात जोडून पुढे आला. "आपलं स्वागत आहे!" प्रत्येकाच्या हातात लिंबाच्या सरबताचा पेला आला. आत्याबाई म्हणाल्या, "माणसं चांगली आहेत हो."

खोली वरच्या मजल्यावर. मास्तरांनी पडदा सरकवला आणि त्यांचा श्वासच अडकला. "या, या, बघा! ते तळं! ते स्टेशनचं घड्याळ! ती बाजाराची छपरं! आणि तो रंगमंदिराचा घुमट! सगळं सगळं दिसतंय!"

"दिसतंय तर," मास्तरीण म्हणाली. "चंद्रही दिसतो."

आत्याबाईंनी चष्मा पुसून तळ्याकडे पाहिलं. "बदक कोणतं त्यातलं?"

"तो पांढरा ठिपका असेल," मास्तर म्हणाले.

"ती होडी आहे मेल्या!"

मामा खिडकीला कान लावून उभे होते. शिटी काही ऐकू येईना. नुसती गाड्यांची घरघर, गोल गोल गोल. "सगळ्यांपासून सारखंच अंतर काढलंत ना तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"अगदी सारखं!" मास्तर छाती फुगवून म्हणाले.

"हं. काढलंत खरं. सगळ्यांपासून सारखंच लांब."

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग हातातल्या नकाशाकडे, मग पुन्हा बाहेर. कापडाच्या मध्यावर फार तर बटण बसतं, माणसाने तिथे बसायचं नसतं, हे त्यांच्या बहुधा तेव्हाच ध्यानात आलं. त्यांनी नकाशाची घडी घातली. मास्तरीण घड्याळ बघून म्हणाली, "जेवून लगेच निघू या. तीनचं आहे."

जेवण झालं आणि मंडळी निघाली. भुयारात उतरली, पहिल्या फाट्याशी आली. बाण: हॉटेलकडे. दुसरा फाटा. बाण: हॉटेलकडे. रंगमंदिराकडे कुठे, बाजाराकडे कुठे, काही पत्ता नाही. "सरळ चला," मास्तर म्हणाले. भुयार तिरपं वळलं, दोनदा दुभंगलं, चढ लागला, उजेड दिसला. मंडळी बाहेर आली.

"आपलं स्वागत आहे!" काउंटरवरचा माणूस हात जोडून पुढे आला. पुन्हा चार पेले सरबत.

"अहो, आम्ही इथलेच!" मास्तरीण म्हणाली. "बाहेर जायची वाट कुठली?"

"बाहेर?" त्याने हा शब्द असा उच्चारला की जणू त्याला तो गिऱ्हाइकाच्या तोंडी नवा होता. "समोरच्या भुयारातून सरळ जा."

गेली सरळ. मास्तरांनी या वेळी कानावरचा खडू काढला आणि प्रत्येक फाट्यावर, कापडावर करतात तशी, फरशीवर फुली मारत निघाले. "आता चुकायची बातच नको." थोडं पुढे जाऊन मागे वळून पाहतात तर एक बाई फडकं घेऊन त्यांच्यामागून फरशी पुसत येत होती. "रांगोळ्या कसल्या घालताय? आत्ताच पुसलं ना मी!" फुल्या गेल्या, मंडळी वर आली.

"आपलं स्वागत आहे!"

आत्याबाईंनी तिसरा पेला घेतला. "देतोय तर नको कशाला म्हणायचं? वाईट दिसतं." तो संपवला आणि मग त्यांना दोन मिनिटं आत जाऊन यावं लागलं. ती दोन मिनिटं म्हाताऱ्या माणसाची होती. तेवढ्यात मास्तरांना दारवानाच्या कोटाची एक बाही लांब दिसली. त्यांना असलं बघवत नसे. त्यांनी खिशातून टाचण्या काढल्या आणि त्या माणसाला दारातच उभा करून बाही दुमडायला घेतली.

मास्तरीण खांबाला टेकून उभी राहिली. काचेतून रंगमंदिराचा घुमट दिसत होता, ऊन खात बसलेला. तिला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी तिच्या ओठांवर आपसूक जुळलं:

मधोमध नेलं मला, मास्तर माझे शहाणे,
चारी वाटा दिसती डोळां, एकीनेही न जाणे.

भिंतीवरचं घड्याळ तिच्याकडे न बघता पुढे चाललं होतं. तिकडे आता बॉबिन मोलकरणीचे कपडे चढवत असेल. दोन्ही अंगठे एकावर एक चढले असतील. पडदा उघडेल, ती प्रेक्षकांत बघेल आणि चार खुर्च्या रिकाम्या दिसतील.

"अहो!" मास्तरीण असं ओरडली की टाचणी मास्तरांच्या बोटात घुसली. "सोडा ती बाही! लेकीचं एक वाक्य आहे, ते बाहीत घालवणार का तुम्ही?"

मास्तरांनी बोट तोंडात घातलं. बायकोचा हा आवाज त्यांनी अख्ख्या संसारात ऐकला नव्हता.

पुन्हा भुयार. या वेळी पहिल्या फाट्याशी एक माणूस बॅगेवर बसलेला भेटला. दाढीचे खुंट वाढलेले, टाय सैल. "तुम्हीही हॉटेल सोडलंत का?" त्याने क्षीण आवाजात विचारलं. "मी सकाळी सोडलं. पाच वेळा परत गेलो. आता तो सरबत देताना माझ्या डोळ्यांत बघतसुद्धा नाही."

मामांचं काळीज हललं. "गाडी चुकली असेल ना हो तुमची?"

"दोन चुकल्या."

मामांनी त्याचा हात धरला. असं दुःख त्यांना कळत होतं.

मास्तरीण मात्र भिंतीकडे बघत होती. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "उलटा झालेला कोट सुलटा करताना काय करता तुम्ही?"

"आता हे काय मध्येच?"

"सांगा तर."

"हात आत घालतो, शिवणीला बोट लावतो. ते बोट सोडायचं नाही. शिवणीशिवणीने गेलं की बाही आपसूक सापडते."

"मग ही शिवण," मास्तरीण म्हणाली आणि तिने उजवा हात भिंतीला लावला. "बाण बघायचे नाहीत. मध्ये घुसायचं नाही. फाटा आला की भिंत वळेल तिकडे वळायचं. एक बाही चुकीची निघाली तर पुढची बघू, पण बोट सुटायला नको."

अशी ती वरात निघाली. पुढे मास्तरीण, मागे मास्तर, मग आत्याबाई, मग छाती कुरकुरवणारे मामा आणि शेवटी बॅगवाला. पाचही जणांचा उजवा हात भिंतीवर. समोरून येणारी माणसं थबकून वाट देत होती. एकाने तर टोपी काढली. पहिल्या तोंडातून बाहेर डोकावले तर पाटीवर बाजार. मास्तरांचा हात भिंतीवरून जरासा सुटला. "अहो!" मास्तरीण म्हणाली, आणि तो परत चिकटला. दुसऱ्या तोंडाशी तळ्याची पाटी. आत्याबाईंनी एक सुस्कारा सोडला, पण हात नाही सोडला. तिसऱ्या तोंडाशी पायऱ्या चढल्या तर समोर उभी पाटी: रंगमंदिर. आणि बाणसुद्धा, इतक्या वेळात पहिल्यांदाच बाहेरच्या दिशेचा.

बस मिळाली. बसने आधी तो भोवरा घेतला. "ते बघा आपलं हॉटेल!" आत्याबाई खिडकीतून म्हणाल्या. वाहनांच्या गर्दीत बसला बाहेर पडता येईना, दुसरी फेरी झाली. "ते बघा, पुन्हा!" तिसऱ्या फेरीला बॅगवाल्याने डोळे गच्च मिटून घेतले.

रस्त्यातल्या एका घड्याळात तीन केव्हाच वाजून गेलेले मास्तरणीने पाहिले. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली. संपलं. पडदा उघडला असेल, पोर बोलली असेल, ट्रे ठेवून आत गेली असेल. मास्तर शेजारी बसले होते, शिडीवरच्या त्या कोटासारखे ओघळलेले. ते हळूच म्हणाले, "रंगमंदिराजवळ म्हणाली होती ना गं ती?"

मास्तरणीकडे बोलायला पुष्कळ होतं. तिने त्यांच्या टाचणी लागलेल्या बोटाला रुमाल गुंडाळला आणि एवढंच म्हटलं, "उतरल्यावर पळायचं. नाटकाच्या शेवटी सगळे पुढे येऊन वाकतात म्हणे. तेवढी तरी दिसेल."

उतरल्यावर पळाले. म्हणजे मास्तर पळाले, मामा कुरकुरले आणि आत्याबाई स्वतःच्या चालीने आल्या. रंगमंदिराच्या दाराशी तिकीट बघणारा उभा होता. "तिकिटं?"

"आहेत, आहेत!" मामा छाती पुढे काढून म्हणाले. "फक्त उसवायची आहेत."

मास्तरांनी कात्री काढली. तिकीट बघणारा दोन पावलं मागे सरला. भर दारात मास्तरांनी मेहुण्याचा कोट उघडला आणि अस्तर कापायला घेतलं. मास्तरणीचा दुहेरी टाका तो, सहजासहजी सुटतो कसला! "काय गं शिवलंयस हे!" "तुम्हीच शिकवलंत!" "हळू हो, आत मी आहे!" मामा ओरडले. शेवटी पाकीट निघालं, फाटलं, तिकिटं हातात आली. तिकीट बघणाऱ्याने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "एवढी काय घाई आहे? पाचचा प्रयोग आहे. आत्ताच दारं उघडलीत."

मास्तरांनी तिकीट हिसकावून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. पाच. छापील पाच.

"पोरीने तीन सांगितलेलं! चुकलं वाटतं तिचं. बघा, बिचारी किती घाबरली असेल…"

मास्तरणीने पिशवीतली चिंधी काढली आणि तोंडात कोंबली. खांदे गदागदा हलत होते. मास्तरांना वाटलं, बायकोला रडू फुटलं.

चौघं पुढच्या रांगेत बसली. बॅगवाल्यानेही खिडकीवर जाऊन तिकीट काढलं. म्हणाला, "आता एकट्याने कुठे जायचा धीर नाही," आणि बॅग मांडीवर घेऊन बरोबर त्यांच्या मागे बसला. घंटा झाली, दिवे मंदावले, पडदा उघडला.

एक खोली. एक खिडकी. कोपऱ्यात खुंटीवर टांगलेला एक लांब काळा कोट. आणि खिडकीशी, हातात ट्रे घेऊन, बॉबिन. तिने पडदा जरासा बाजूला केला, बाहेर, म्हणजे सरळ प्रेक्षकांकडे पाहिलं, आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली:

"आली बाई एकदाची मंडळी!"

तेवढ्यात मास्तरणीच्या शेजारून, नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा, आत्याबाईंचा आवाज आला:

"आली गं, आली! तुझ्या बापाने गोल गोल फिरवलं नुसतं!"

सगळं थिएटर थिजलं. मास्तर खुर्चीत इतके खाली सरकले की नुसतं टक्कल उरलं. रंगमंचावर बॉबिनची नजर एकदाच त्या खुंटीवरच्या काळ्या कोटाकडे गेली. मास्तरणीला कळलं, ती नजर तिच्या ओळखीची होती. कोटाखाली दोन पावलं मावतील एवढी जागा तिथे होती. मास्तरणीचे स्वतःचे अंगठे चपलेत एकावर एक चढले. नको गं बाळ, ती मनात म्हणाली, नको शिरूस.

बॉबिनने ट्रे टेबलावर ठेवला. कमरेवर हात ठेवले.

"आलात ना? मग आता गुपचूप बसा. बाईसाहेबांना म्हाताऱ्यांची बडबड खपत नाही."

हास्याचा असा लोट आला की मागची दारं हलली म्हणतात. टाळ्या पडल्या. बॉबिन मान ताठ ठेवून आत गेली, आणि विंगेत शिरताना तिने पदर सावरावा तसा अंगावरचा एप्रन सावरला, तेव्हा टाळ्या पुन्हा पडल्या. आत्याबाई चोहोकडे मान वळवून बघत होत्या. "मला वाजवताहेत का हे?"

"दोन झाली," मास्तर खालून कुजबुजले.

"काय?"

"वाक्यं. एक मिळालं होतं. दोन झाली."

नाटक कशाबद्दल होतं, ते मास्तरणीला पुढे कधीच सांगता आलं नाही. ती त्या दोन वाक्यांतच बसून होती.

प्रयोग संपला तेव्हा बॉबिन मागच्या दाराने धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. मग आत्याबाईंच्या पाया पडायला वाकली, आणि आत्याबाई म्हणाल्या, "म्हाताऱ्यांची बडबड काय गं?" दोघीही हसून लोटपोट झाल्या. "दिग्दर्शक म्हणाले, उद्यापासून रोज तेच बोल," बॉबिनने सांगितलं. "पण रोज आत्या कुठून आणू?"

मास्तर तिकीट हातात धरून उभे होते. "बॉबिन, तू आईला तीन सांगितलंस. तिकिटावर पाच आहेत. चुकून ना?"

बॉबिनने आईकडे पाहिलं. आईने आकाशाकडे.

"बाबा," पोर हळूच म्हणाली, "गिऱ्हाईक नाही का तुम्हाला मंगळवार सांगत?"

"हो. मग?"

पोरीने त्यांच्या हातातल्या तिकिटावरच्या पाचावर बोट ठेवलं. मास्तर उभेच राहिले. रस्त्यावरची वाहनं जात होती, येत होती. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग कपाळावर एक आठी आली, मग ती आठी वर सरकली, आणि मग एकदमच, वीस-पंचवीस वर्षांचे सगळे मंगळवार आणि सगळे शनिवार त्यांच्या डोळ्यांपुढून रांगेने जाऊ लागले.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे," मास्तरीण म्हणाली. चिंधी आता तोंडात मावत नव्हती.

"आपल्या गावचे डॉक्टरसुद्धा?"

"डॉक्टर तर आठवडाभर अलीकडचं सांगतात."

मास्तर पायरीवर बसले. आता ते रागावतील की काय असं वाटलं, पण त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते असे हसले की तिकीट बघणारा पुन्हा दोन पावलं मागे सरला. "आणि मी मेला इतकी वर्षं माफी मागत फिरतोय!" ते म्हणत होते. "फुकटची माफी!"

परतायची चिंता कुणालाच नव्हती. त्या शहरात एकच गोष्ट सोपी होती, आणि ती म्हणजे हॉटेलात परत जाणं. भुयारात शिरायचं आणि कुठूनही चालू लागायचं. बॉबिनही निघाली सोबत. तिला ते सरबत बघायचं होतं. पायऱ्या उतरताना मास्तरणीने सवयीने उजवा हात भिंतीला लावला. डाव्या हातात लेकीचा हात होता, तो काही सुटायचा नव्हता.

मामांनी मागे वळून पाहिलं. थोडं अंतर ठेवून, बॅग उचलून, तो गृहस्थ त्यांच्यामागून येत होता.

"अहो, तुम्ही हॉटेल सोडलंय ना?"

"सोडलंय," तो म्हणाला. "पण तुम्ही उद्या सकाळी बाहेर पडाल ना? तेव्हा तुमच्याबरोबर पडतो."